जन्मदातीची कवळी

आमच्या दातांच्या लॅबमध्ये तिला सगळे 'कानस' म्हणायचे. एक तर दिवसभर हातात कानस असायची, आणि दुसरं म्हणजे तिचा स्वभाव. कुणी तिच्या वाकड्यात शिरलं की त्याला घासून सरळ केल्याशिवाय ती सोडायची नाही, मग कितीही दिवस लागोत.

लॅब म्हणजे दवाखान्याच्या मागची एक लांबट खोली. पुढे डॉक्टर, त्यांची खुर्ची आणि पेशंट. मधे एक सरकतं दार. मागे आम्ही तिघं. मी, कानस आणि भट्टीवाला. पेशंटच्या तोंडाचं माप पुढून यायचं, आम्ही त्यात प्लास्टर ओतून साचा काढायचो, साच्यावर मेणात दात बसवायचो आणि शेवटी पक्की कवळी करून पुढे पाठवायचो. एकदा भट्टीवाल्याने कानसची मेण कोरायची बारीक सुरी न विचारता उचलली आणि त्या सुरीने खोकं कापलं. सुरीचं टोक मोडलं. कानस एक शब्द बोलली नाही. सात महिन्यांनी एका सकाळी तिने त्याच्या चष्म्याच्या दोन्ही काचांना मेणाचा पातळ हात दिला. "भट्टी धूर मारतेय वाटतं," असं म्हणत तो गडी तासभर भट्टी पुसत होता. शेवटी ती त्याच्या कानाशी जाऊन म्हणाली, "सुरी आठवते का?"

पण कामात मात्र ती असली चेष्टा कधी करायची नाही. एखाद्या म्हाताऱ्याची कवळी जराशी टोचते म्हटल्यावर तिने ती चारदा मोडून नव्याने केलेली मी पाहिली आहे. डॉक्टरांनीच तिला हे काम हाताला धरून शिकवलं होतं. "तोंडात वाळूचा कण गेला तरी माणूस जेवण टाकून उठतो," असं ते म्हणायचे, आणि कानस ते वाक्य नव्या माणसाला ऐकवायची.

मी तिच्या शेजारच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसले. ती मला ताई म्हणते. त्यामुळे पुढचं सगळं मला तिच्याच तोंडून कळलं, आणि थोडं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

ती दत्तक होती. हे तिला वयाच्या नवव्या वर्षापासून ठाऊक होतं. बाबा घरोघर विजेचे मीटर तपासत फिरायचे, आई घरी शाळेचे गणवेश शिवायची. दोघांनी तिला एका दुपारी शिलाई मशीनजवळ बसवून सांगितलं की तुझे जन्माचे आईवडील अपघातात गेले, तू दहा दिवसांची होतीस, मग आम्ही तुला आणलं. पोरीने ते मनाला लावून घेतलं. अपघात कसा झाला असेल, हे ती रात्रंदिवस मनात रंगवायची. कधी घाटात, कधी पुलावर. आपण त्यांच्याबरोबर नव्हतो म्हणून वाचलो, याची तिला लाज वाटायची. शाळेत 'माझे आवडते माणूस' असा निबंध आला तेव्हा तिने त्या दोन मेलेल्या माणसांवर लिहिला. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला आणि अर्धा वर्ग रडला.

ती चौतीस वर्षांची असताना बाबा गेले. कपाट आवरताना तिला त्यांच्या मीटरच्या जुन्या वह्यांखाली एक पिवळा पडलेला कागद सापडला. अनाथाश्रमाचा. दुसऱ्या दिवशी तो तिने माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"वाच, ताई."

मी वाचला. "बाळ सुदृढ. आईवडील हयात व विवाहित. आधीची अपत्ये दोन. वडील बसचालक, आई बसस्थानकावर उद्घोषक. ताबा स्वेच्छेने सोडला."

"स्वेच्छेने," ती म्हणाली. "म्हणजे मी पंचवीस वर्षं ज्यांच्या नावाने रडले, ते कुठेतरी पंख्याखाली बसून जेवत होते. दोन पोरांना घेऊन."

त्या संध्याकाळी तिने आईला विचारलं. आईने मशीन थांबवलं नाही. "तुझे बाबा म्हणाले होते, टाकून दिलेली म्हणून वाढण्यापेक्षा पोरकी म्हणून वाढलेली बरी," असं म्हणत तिने बाही जोडली. कानसने त्या दिवसापासून आईशी बोलणं टाकलं. एकाच घरात राहायच्या, एकाच टेबलावर जेवायच्या, पण मीठ हवं असलं तरी ही उठून स्वतः आणायची.

मग शोध सुरू झाला. अनाथाश्रमाच्या कार्यालयातली कारकून बाई नियमाला पक्की होती. नावं सांगता येणार नाहीत म्हणाली. तुम्ही पत्र द्या, आम्ही पोचवू, समोरच्याची तयारी असेल तर भेट होईल. कानसने पत्र लिहिलं. मला वाचून दाखवलं. साधं, चांगलं पत्र होतं. मी ठीक आहे, काम करते, मला फक्त एकदा बघायचंय, का दिलंत तेवढं विचारायचंय. दोन महिन्यांनी उत्तर आलं. पांढऱ्या कागदावर निळ्या शाईत दोन शब्द.

संपर्क नको.

खाली सहीसुद्धा नव्हती. तिने तो कागद घडी करून पाकिटात ठेवला आणि कामाला लागली. त्या दिवशी तिने सलग सहा साचे घासले. माझ्या मनात आलं, आता कुणाचं तरी काही खरं नाही.

कारकून बाईने नाव दिलं नाही, पण कागदाने दोघांचा धंदा दिला होता. बसचालक आणि उद्घोषक असं जोडपं काय गल्लोगल्ली सापडतं? कानस सरळ बस डेपोवर गेली. डेपोबाहेरच्या चहाच्या टपरीवर निवृत्त ड्रायव्हर दिवसभर बसलेले असतात. त्यांना विचारायचीच खोटी.

"अरे, ती भोंगाबाई!" एक म्हातारा म्हणाला. "असला आवाज की झोपलेला कंडक्टरसुद्धा उठून तिकिटं फाडायला लागायचा. नवरा आमच्याबरोबर सत्तावीस नंबरवर होता. दोन वर्षं झाली जाऊन. ती आहे अजून. डेपोच्या जुन्या वसाहतीत, धाकट्याकडे."

"धाकटा कोण?" कानसने विचारलं.

"तिसरा हो. थोरला, मग मुलगी, मग एक दगावलं बिचारं, आणि मग हा. औषधाचं दुकान आहे त्याचं."

कानसने चहा संपवला, कप जागेवर ठेवला आणि निघाली. दुसऱ्या दिवशी हे सांगताना तिचा आवाज अगदी सपाट होता.

"सत्तावीस नंबरने मी तीन वर्षं शाळेला गेले, ताई. त्याच्या बसमधून. तिकीट काढून. त्याने आरशात मला बघितलंही असेल. आणि आता जाब विचारायला जावं तर सुटला मेला." थोडं थांबून म्हणाली, "माझ्यानंतर एक झाला. तो ठेवला. मी सुदृढ होते, कागदावर लिहिलंय. मग माझ्यात काय कमी होतं?"

मी म्हटलं, "जाऊ दे गं. त्यांचं त्यांच्यापाशी."

"ते आजवर त्यांच्यापाशीच होतं," ती म्हणाली. "आता माझ्यापाशी येईल."

ती वसाहतीत जाऊ लागली. कुणाशी बोलायची नाही. बागेतल्या बाकावर बसून समोरच्या वाचनालयाकडे बघायची. दर रविवारी सकाळी तिथे ती भोंगाबाई मुलांना गोष्टी वाचून दाखवायची. सहासष्ट वर्षांची, सडसडीत, पाठीत ताठ. आवाज अजून खणखणीत, पण दात बहुतेक गेलेले. हसताना तोंडावर हात धरायची. ते कानसने पहिल्याच दिवशी हेरलं.

डॉक्टर दरवर्षी कुठल्यातरी वस्तीत फुकट तपासणीचं शिबिर घ्यायचे. त्या वर्षी जागा कानसने सुचवली. बसच्या माणसांची जुनी वसाहत आहे, म्हातारी माणसं आहेत, दवाखान्यापासून एका बसवर आहे. डॉक्टर खूश झाले. शिबिरात भोंगाबाई आली, उरलेले चार हलणारे दात काढायचे ठरले, आणि हिरड्या भरल्यावर तीन महिन्यांनी तिच्या तोंडाचं माप सरकत्या दारातून आमच्याकडे आलं.

ती वसाहतीत जाते, शिबिर तिनेच तिथे नेलं, ही पेशंट म्हणजे तीच बाई, यातलं मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मी एवढंच पाहिलं की कानसने साचा सोडवला आणि ती उभीच राहिली. मग खालच्या खणातून तिने आणखी एक जुना साचा काढला. शिकत असताना प्रत्येकाला स्वतःच्या तोंडाचा एक साचा करावा लागतो. तो तिचा होता. दोन्ही तिने शेजारी शेजारी ठेवले. तिच्या टाळूच्या मधोमध हाडाचा एक लांबट उंचवटा आहे. काही माणसांना तो असतो, जन्मतःच. म्हातारीच्या टाळूवरही तो होता. तसाच लांबट, तसाच पुढच्या टोकाला डावीकडे वळलेला. कानस त्यावरून अंगठा फिरवत राहिली.

"बघ ना ताई," ती म्हणाली, "एवढं मात्र द्यायला विसरली नाही."

मी कामाच्या घाईत होते, मला उलगडा झाला नाही. मी आपली मान हलवली.

कवळी झाली. मेणात दात बसवून डॉक्टरांनी पेशंटच्या तोंडात चाचणी घेतली, सगळं छान होतं. चाचणीनंतर ती पक्की करायला परत आमच्याकडे येते. तिथे कानसने हात मारला. पुढचे वरचे दात केसभर पुढे आणि केसभर उघडे. डावीकडची एक दाढ कणभर उंच. डोळ्याला दिसणार नाही, आरशातही कळणार नाही. पण जिभेला कळतं. चावलं की डावी हिरडी सोलवटते, आणि 'स' म्हटला की शिट्टी वाजते.

आठवड्याने भोंगाबाई परत आली. टोचतं, आणि बोलताना वारा सुटतो. डॉक्टरांनी कवळी आत पाठवली. कानसने एक जागा सैल केली आणि दुसरी आवळली. पुन्हा दहा-बारा दिवसांनी तेच. असं अडीच महिने चाललं. बाई वाळत चालली. चमच्याने पातळ काहीतरी खायची. वाचनालयातलं गोष्टी वाचणं तिने बंद केलं, कारण 'स' आला की पोरं खिदळायची. हे तिचा धाकटा मुलगा पुढे डॉक्टरांना सांगत होता, आणि मागे कानस ते सरकत्या दाराला कान लावून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. तहानलेल्या माणसाने पाणी प्यावं तसं.

मी एकोणीस वर्षं हेच काम करतेय. सहाव्या खेपेला मी ती कवळी हातात घेतली, दाब कुठे पडतो ते दाखवणारा निळा कागद मधे धरून चावा तपासला आणि ती कानससमोर ठेवली. तिचे हात चुकून चुकणारे नव्हेत.

"हे काय केलंस?"

तेव्हा तिने उरलेलं सगळं सांगितलं. बागेतला बाक, वाचनालय, शिबिर, ही पेशंट कोण, सगळं. आणि शेवटी म्हणाली, "संपर्क नको म्हणाली ना? आता म्हणून दाखव म्हणावं, संपर्क."

मी डॉक्टरांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. खोटं कशाला बोलू, तिच्या जागी मी असते तर मलाही तसंच करावंसं वाटलं असतं, आणि ते करायची माझी छाती झाली नसती. त्यामुळे मी गप्प बसले. तो दोष माझा.

सातव्या खेपेला डॉक्टर जेवायला गेले होते. भोंगाबाई धाकट्याला घेऊन वेळेआधीच आली. कानस हातमोजे चढवून पुढे गेली. "बसा खुर्चीत. मीच बघते, कवळी मीच करते," असं म्हणाली. मी ट्रे घेऊन मागे उभी राहिले, म्हटलं, निदान कुणीतरी असावं.

तिने म्हातारीचं तोंड उघडलं. गालाच्या आतून बोट फिरवलं, हिरडीवरच्या फोडावर थांबली. बाई कळवळली. कानसने बोट काढलं.

"आता मोठ्याने म्हणा, संपर्क."

"श्शंपर्क," बाई म्हणाली. शिट्टी वाजली. धाकटा कसनुसा हसला.

"छान. आता म्हणा, संपर्क नको."

बाईने तोंड मिटलं. तिने कानसकडे पाहिलं, कपाळ, नाक, हनुवटी, असं वरून खाली. माइकसमोर आयुष्य काढलेली बाई. तिच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"बाळा," ती मुलाला म्हणाली, "मी चष्मा विसरले वाटतं रिक्षात. बघ बरं जरा." तो गेल्यावर म्हणाली, "तू."

"मी."

"म्हणजे ते शिबिर..."

"मीच आणलं तुमच्या दारात. तुम्हाला संपर्क नको होता. मला होता."

बाई खुर्चीत सरळ बसली. "कारण विचारणार असशील तर चांगलं कारण नाही माझ्याकडे. आजार नव्हता, उपासमार नव्हती. पहिल्या दोघांच्या वेळी माझी नोकरी जाता जाता राहिली. तिसऱ्यांदा लांबलचक रजा मागितली असती तर माइकपुढची खुर्ची गेली असती. त्या घरात तेवढीच एक गोष्ट माझी होती. तुझा बाप म्हणाला, तुझं तू बघ. मी बघितलं."

"एका खुर्चीपायी."

"हो. खुर्चीपायी."

"आणि हा बाहेर गेलाय तो? तेव्हा नव्हती का खुर्ची?"

बाईने पहिल्यांदाच मान खाली घातली. "तेव्हा दुसऱ्यांदा देऊन टाकणं नाही जमलं."

"म्हणजे माझ्यावर हात साफ करून घेतलात."

"तसं म्हण."

कानस हसली. मी एकोणीस वर्षांत तिचं तसलं हसू ऐकलं नव्हतं. "आठ दिवस देते," ती म्हणाली. "तिन्ही मुलांना बोलवा आणि तुमच्या तोंडाने सांगा. तोवर हे दात असेच राहतील. आणि आठ दिवसांत सांगितलं नाहीत तर मी सांगेन."

"त्यांच्या लेखी तू गेलेली आहेस," बाई म्हणाली. "मी त्यांच्यासमोर रडलेय तुझ्यासाठी. आता काय सांगू?"

"तुम्ही माझ्यासाठी खोटं रडलात, मी तुमच्यासाठी खरं रडले. फिटंफाट कशी होणार?"

बाईने तोंडात हात घातला. वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या काढून माझ्या ट्रेमध्ये ठेवल्या. तिचे गाल एकदम आत गेले, ती दहा वर्षांनी म्हातारी दिसायला लागली. पण उठली तशीच, ताठ. दातांशिवाय शब्द पिठासारखे होत होते, तरी कळले. "ठेव तुझ्याकडेच. नाही सांगणार." आणि चालती झाली.

मला त्या क्षणी दोघी सारख्याच दिसल्या. कानसला ते सांगायची माझी हिंमत झाली नाही.

नवव्या दिवशी कानसने रजा टाकली आणि धाकट्याच्या औषधाच्या दुकानात गेली. पुढचं मला तिनेच सांगितलं. गिऱ्हाईक होतं, ती रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा त्याने ओळखलं. "अहो, तुम्ही दवाखान्यातल्या ना? आईला तुमची खूप..."

तिने तो पिवळा कागद काउंटरवर ठेवला. त्याने वाचला. परत वाचला.

"हे काय आहे?"

"तुमच्या आधीचं जे दगावलं ना, ते मी."

तो म्हणाला, "नाही हो. ती गेली. आई सांगते ना." मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. मागच्या गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध हवं होतं, त्याने ते काढून दिलं, उरलेले पैसे चुकीचे परत केले, आणि शटर अर्धं ओढून स्टुलावर बसला. कानस म्हणते की तिथे बसून तो कागद तिसऱ्यांदा वाचायला लागला आणि ते बघून तिला बरं वाटलं. ती हे लपवत नाही. "मला गोड लागलं, ताई," तिने मला सांगितलं. "साखरेसारखं गोड लागलं."

घर फुटलं. थोरला दुसऱ्या गावाहून आला, आईवर ओरडला आणि त्याच पावली परत गेला. मुलीने फोन उचलणं बंद केलं. वेळ आली असती तर आमच्यातल्याही कुणाला टाकलं असतंस, असं म्हणाली म्हणे. उरला धाकटा, तो आईबरोबर एका घरात राहायचा पण गप्प राहायचा. आणि बाई दातांशिवाय, पातळ खात, खिडकीपाशी.

कानस दोन महिने अशी हलकी होती की विचारू नका. काम करताना गुणगुणायची. भट्टीवाल्याला नवा चष्मा पुसायचा कपडा आणून दिला. मला वाटलं, संपलं. सूड घेतला की माणूस शांत होत असावा, आपल्याला काय माहीत.

पण एक गोष्ट तिच्या हिशोबात नव्हती. डॉक्टर.

एका दुपारी ते मागे आले. माझ्या टेबलाशी स्टूल ओढून बसले आणि स्वतःचे दोन्ही हात समोर धरून बघायला लागले. बहात्तर वर्षांचे हात. "त्या वसाहतीतल्या बाईंची कवळी सात वेळा परत आली," ते म्हणाले. "म्हणजे माझं मापच चुकलं. त्यांनी कवळीच टाकून दिली. एवढ्या वर्षांत असं झालं नाही. आता मापं घेणं थांबवावं म्हणतो. हात गेले माझे. कळलंच नाही कधी गेले ते."

मी कानसकडे पाहिलं. तिचा चेहरा प्लास्टरसारखा झाला होता. हातातली कानस गळून फरशीवर पडली, तिने उचललीही नाही.

"तुमचे हात नाही गेले, डॉक्टर," ती म्हणाली. "मी बिघडवली. सातही वेळा. मुद्दाम."

डॉक्टरांना आधी कळेना. मग तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काही गाळलं नाही, स्वतःची बाजू घेतली नाही. पेशंट कोण हेही सांगितलं. ते ऐकत राहिले. 

"तुझं दुःख मी समजू शकतो," डॉक्टर शेवटी म्हणाले. "पण माझ्या खुर्चीत बसलेल्या माणसाला तू दुखवलंस. ती तुझी आई असो की वैरीण. आणि गेले काही महिने मला वाटतंय, मी म्हातारा होऊन संपलो."

"हो."

"उद्यापासून येऊ नकोस." ते उठले, दारापाशी थांबले. "नाही. आधी ती कवळी नीट कर. मग जा."

तिला चार दिवस लागले. जुना साचा होताच. तिने दात नव्याने बसवले, प्रत्येक दाढ तीन तीनदा तपासली, टाळूवरच्या त्या उंचवट्याभोवती इतकी नाजूक जागा ठेवली की मी भिंग लावून बघितलं तरी दोष सापडेना. तिच्या हातची इतकी चांगली कवळी मी पाहिली नाही. मी विचारलं, "माफ केलंस का तिला?"

"डोकं फिरलंय का, ताई? मरेपर्यंत नाही करणार." ती पॉलिश करत होती, वर बघितलंही नाही. "पण तिने वाईट काम केलं म्हणून माझ्या हातून वाईट काम होणं, म्हणजे तिचीच मुलगी झाले ना मी."

कवळी न्यायला धाकटा आला. "मला तुमच्याशी नातं जोडायचं नाही," असं तो दारातूनच म्हणाला. "निदान आत्ता नाही. आईला दात हवेत, म्हणून आलो." कानसने डबी त्याच्या हातात दिली आणि कवळी कशी धुवायची ते नीट समजावून सांगितलं. बाईंचा काही निरोप आला नाही. टोचत असती तर आली असती परत, त्यावरून बसली असावी.

कानस आता शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या लॅबमध्ये आहे. तिथे तिला कुणी त्या नावाने हाक मारत नाही. घरच्या आईशी बोलायला लागली आहे. मला कळलं तेव्हा मी कसं झालं ते विचारलं, तर म्हणाली, नोकरी गेल्याचं कुणाला तरी सांगायला हवं होतं, आणि घरात दुसरं कोण होतं? आईने मशीन थांबवलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खोटं आम्हीही बोललो. त्याचा सूड कधी घेणार आहेस ते आधी सांग, म्हणजे मी तयार राहीन." यावर म्हणे दोघी हसल्या, आणि मग कानस रडली.

गेल्या महिन्यात मी तिला भेटायला गेले. तिच्या बहिणीचं, म्हणजे त्या घरातल्या मुलीचं, पत्र आलंय. तीन पानी. भेटायचंय म्हणते, मला एक बहीण हवी होती लहानपणापासून, असं लिहिलंय. कानसने मला ते पूर्ण वाचून दाखवलं.

"मग? कधी जातेस?" मी विचारलं.

"बघू," ती म्हणाली. "थांबू दे तिला जरा."

पत्र तिने पाकिटात घातलं आणि पाकीट पर्समध्ये, वरच्याच कप्प्यात ठेवलं.  तिने माझ्यासाठी दुसरा चहा सांगितला.